सरदारची भाकरी

वीस-बावीस वर्षं झाली, तरी त्या खड्ड्याचा पंचनामा मला आजही जसाच्या तसा आठवतो. नोकरीत खुनाचे, दरोड्यांचे, अपघातांचे पंचनामे किती केले याची गणती नाही. कुत्र्याच्या खड्ड्याचा मात्र एवढा एकच. यातल्या माणसांची नावं मी घेणार नाही. कुत्र्याचं सांगायला हरकत नाही, त्याला अब्रूची भीती नव्हती. त्याचं नाव सरदार.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या हद्दीजवळच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. उसात बिबटे फार झाले होते आणि आमचा निम्मा वेळ वनखात्याच्या पिंजऱ्यांभोवतीची गर्दी हटवण्यात जायचा. अशाच एका थंडीतल्या सकाळी, हजेरी आटोपते न आटोपते तोच एक तरुण ठाण्यात आला. वनखात्यात रोजंदारीवर होता, पिंजरे गाडीत चढवायचं-उतरवायचं काम करायचा. हातात सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची चिठ्ठी होती.

चार दिवसांपूर्वी शेजारच्या म्हाताऱ्याचं कुत्रं त्याच्या बायकोच्या हाताला चावलं होतं. बायको सात महिन्यांची गरोदर. त्या काळी सरकारी दवाखान्यात या चाव्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. डॉक्टरांनी ती लगेच सुरू केली होती आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, की कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा. तो ठणठणीत राहिला तर पुढची इंजेक्शनं थांबवता येतील. मेला असेल तर त्याचं डोकं तपासणीसाठी पुण्याला पाठवा.

घोळ इथेच होता. चावल्याच्या दुसऱ्या दिवशी गाव देवळापुढे बसलं होतं. चावलेलं कुत्रं मारलं की माणसाच्या अंगातलं विष उतरतं, अशी तिथली जुनी समजूत. म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर बेलभंडार उचलून देवाची शपथ घेतली आणि सांगितलं, सरदारला मी मारलं आणि ओढ्याकाठी पुरलं. झालं, त्या तरुणाच्या वडिलांनी सुनेची इंजेक्शनं बंद केली. कुत्रं गेलं, विष गेलं, आता भरल्या पोटात सुया कशाला, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस चुकले होते.

"सायेब, म्हाताऱ्याला आत घालाया मी आलो न्हाई," तो तरुण म्हणाला. "मला कुत्र्याचं मुंडकं पायजे. जागा दाव म्हणलं तर दावत न्हाई."

त्याच्या अंगातल्या जाड जर्किनची एक बाही फाटलेली होती. विचारलं तर म्हणाला, त्या सकाळी थंडी होती म्हणून बायको हेच घालून शेजारी ताकाला गेली होती. मी ते वहीत टिपलं, एवढंच.

सरदार त्या पंचक्रोशीत नावाजलेला होता. दोन वर्षांपूर्वी बिबट्याने त्याची मान धरली होती आणि गळ्यातल्या खिळ्यांच्या पट्ट्यामुळे तो वाचला होता. कुणावर धावून गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. ही सून तर रोज त्या अंगणातून ये-जा करायची. मग तो का चावला? हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता, पण कुत्र्याच्या मनात शिरायला मला वेळ नव्हता.

पंच बोलावले, म्हाताऱ्याला बरोबर घेतलं आणि ओढ्यावर गेलो. आमच्या हवालदाराची नोकरी माझ्यापेक्षा जुनी. कागद मांडीवर घेऊन त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, मयताचं वर्णन काय लिहू?" वर्णनाची वेळ आलीच नाही. खड्ड्यात पोतं निघालं, पोत्यात ओढ्यातले गोटे आणि सरदारचा खिळ्यांचा पट्टा.

म्हाताऱ्याला ठाण्यात आणून बाकड्यावर बसवलं. चहा दिला. मी दोन तास त्याच्यापुढे होतो. आधी तो म्हणाला, नदीत टाकला. मग म्हणाला, आठवत नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, हा मात्र कमी कमी बोलत गेला. बेलभंडार उचलून खोटं बोललात, गावाला काय तोंड दाखवाल, असं दरडावलं तशी त्याने मान खाली घातली.

"सायेब, मारायचं तर मला मारा," तो एवढंच बोलला.

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. संशयिताला आपल्याला एखादी गोष्ट का हवीय ते कळू द्यायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. कुत्रा कुठे आहे हे मी त्याला वीस वेळा विचारलं असेल. कशाला हवाय, हे एकदाही सांगितलं नाही. दुपारी त्याला सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा जबाब घ्यायला आम्ही घरी गेलो. म्हातारा वरच्या मळ्यात पाण्याची मोटार लावायला गेलाय, असं कळलं. हवालदार माझ्या कानाशी लागून म्हणाला, "साहेब, या फीडरला दुपारपर्यंत लाइट नाही. मोटार काय फुंकून लावतोय?"

मावशी चुलीपुढे भाकरी करत होती. मी उंबऱ्याशी बसून इकडचं तिकडचं विचारत होतो आणि ती हूं-नाही करत होती. भाकरी झाल्या. मग तिने परातीत उरलेलं पीठ गोळा केलं, एक जाड, ओबडधोबड भाकरी थापली आणि भाजून दुरडीत न ठेवता चुलीच्या कडेला वेगळी ठेवली.

माझं बालपण असल्याच घरात गेलं. माझी आई रोज अशी भाकरी करायची. शेवटची, उरल्या पिठाची, जाड. ती कोणाची असते हे मला सांगायची गरज नव्हती.

"ही कोणाला, मावशी?"

"गाईला."

"गाईची तर पहिली असते."

तिचा हात थांबला. आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याला जे सांगायला हवं होतं, ते मी मग तिला सांगितलं. सरदारला मारायला आम्ही आलेलो नाही, कुत्र्याला मारून कुणाचं विष उतरत नाही, डॉक्टरला तो डोळ्यांसमोर जिवंत हवाय. तो मेला असं समजून शेजारच्या पोरीची इंजेक्शनं तिच्या घरच्यांनी बंद केली आहेत आणि तिचा व पोटातल्या लेकराचा जीव टांगणीला लागलाय.

"म्हंजी सरदार जित्ता असला तर पोरीचं भलंच हाय?"

"तो बरा राहिला तर काळजी मिटली. त्याला काही झालं तर तेही वेळेत कळेल. तोवर तिने इंजेक्शनं घ्यायचीच."

मावशी उठली. हात धुतले, ती भाकरी पदरात घेतली आणि म्हणाली, "चला."

वरच्या मळ्यातल्या मोटारीच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. मावशीने नवऱ्याला हाक मारली आणि दाराबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. मग कडी निघाली. म्हातारा जमिनीवर बसला होता, सरदार त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. आम्हाला बघून कुत्र्याने शेपटी हलवली. म्हातारा मात्र लहान मुलासारखा रडला.

"मला वाटलं, मेला म्हणलं की पोरीच्या घरचा घोर मिटंल. मी कुत्रं वाचवाया गेलो अन् पोरीला मारत व्हतो, सायेब."

मला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. हे वाक्य तो आदल्या दिवशीच बोलला असता. मी बोलू दिलं नव्हतं.

जिवंत सरदार अंगणात उभा पाहिल्यावर सुनेच्या सासऱ्याचा विरोध मावळला. त्याच दुपारी आमच्या जीपमधून तिला दवाखान्यात नेलं आणि इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. उरलेले दिवस सरदार ठाण्यामागच्या कडुलिंबाला बांधला. जनावरांचे डॉक्टर रोज बघून जात आणि हवालदार वहीत नोंद करी: पाणी प्याला, भाकरी खाल्ली, शांत आहे. भाकरी रोज मावशीकडून येई.

तिसऱ्या दिवशी तो शांत राहिला नाही. वनखात्यातला तो तरुण चौकशीला आला आणि सरदारच्या अंगावरचे केस उभे राहिले. मला वहीतली बाही आठवली. जर्किन काढून हवालदाराकडे द्यायला लावलं. तरुण तसाच पुढे गेला, तर सरदार त्याचे हात चाटायला लागला. गुरगुरणं चालू होतं ते हवालदाराच्या हातातल्या जर्किनकडे बघून. पिंजऱ्यातल्या बिबट्याचा वास त्या कपड्यात मुरलेला होता. आम्हाला तो येत नव्हता. ज्याची मान त्या जबड्यात गेली होती, त्याला येत होता. त्या सकाळी धुक्यात तो चावला होता तो बिबट्याच्या वासाला, शेजारच्या सुनेला नव्हे.

दहा दिवस भरले, कुत्रा ठणठणीत निघाला आणि डॉक्टरांनी पुढची इंजेक्शनं थांबवली. गाव पुन्हा देवळापुढे बसलं, मीही गेलो. म्हाताऱ्याने उभं राहून आपण खोटा बेलभंडार उचलला हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तरीही एक-दोघं म्हणाले, आज चावलं ते उद्या पुन्हा चावेल, नकोच ते. कोणी काही ठरवायच्या आत सुनेने हाताची पट्टी सावरली आणि बायकांमधूनच बोलली.

"मला चावलाय, तर मला इचारा. त्याला बांधून ठेवा, पर ठेवा. अन् ते जर्किन आमच्या घरात नको."

सरदार म्हाताऱ्याच्या अंगणात परत गेला. उन्हाळ्याच्या तोंडावर तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. पेढे ठाण्यात आले, तेही म्हाताऱ्याच्या हातून.

त्यानंतर बरीच वर्षं नोकरी केली आणि कितीतरी माणसं त्या बाकड्यावर समोर बसली. गप्प बसलेला माणूस दिसला की मी आवाज चढवायच्या आधी, आपण हे का विचारतोय ते त्याला सांगायला लागलो. वरिष्ठांना ते आवडायचं नाही. पुष्कळदा त्याचा उपयोगही व्हायचा नाही. पण त्या मोटारीच्या खोलीबाहेर म्हातारीने मला जे करून दाखवलं, ते मला विसरता आलं नाही. तिने नवऱ्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. जे खरं होतं ते सांगितलं आणि दार उघडायची वाट बघत, पदरात भाकरी धरून उभी राहिली.