हंगामात गावाला जायचं नाही

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी पायरीवर ठेवलेल्या बॅगांवर काजळी पडत होती. साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता आणि बॉयलरमध्ये जळणाऱ्या उसाच्या चिपाडांची काळी राख चिमणीतून मोहोळकडच्या आमच्या गावात घरोघर उतरत होती. आई सारखी बॅगा झटकत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात बॉयलरवरच होते. ते आमच्याआधी ड्युटीला निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "त्या चिमणीनंच तुला शिकवलंय, इसरू नको."

विसरलो नव्हतो. पण माझ्या सहा वर्षांच्या मुक्ताची छाती दर हंगामाला घरघरायची. डॉक्टरांनी तोंडात ओढायचा दम्याचा पंप दिला होता आणि स्पष्ट सांगितलं होतं, हिला धुरापासून लांब न्या. म्हणून कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोकरी सोडून मी सोलापुरात एका शाळेत क्लार्क झालो. इथं काही महाबळेश्वरची हवा नाही. रस्त्यावर धूळ आहे, सिग्नलला रिक्षांचा धूर आहे. तरी मुक्ता दोन जिने न थांबता चढायला लागली आणि आमच्या जिवात जीव आला.

गावात राहिलेले तुम्ही मला टोमणे मारता, शहरात जाऊन नाक मुरडायला शिकला म्हणून. मारा. अण्णांचंही तेच होतं. "आमी न्हाय का वाढलो ह्याच धुरात? आन पंपाची सवय लागती. उद्या लगीन हुयाचंय पोरीचं."

गेल्या हंगामात अण्णा रिटायर झाले. कारखान्याच्या आवारात सत्कार होता आणि त्यांना नात शेजारी हवी होती. माझी बायको सुनीता नको म्हणाली. मी ऐकलं नाही. वर एक मूर्खपणा केला, जो आजवर कुणाला सांगितला नाही. मुक्ताचा पंप मुद्दाम सोलापुरातच घरी ठेवला. चार माणसांत अण्णांच्या नातीनं पंप ओढलेला दिसू नये म्हणून. म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

भाषणं चालू असतानाच मुक्ताचे खांदे वरखाली व्हायला लागले. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. "पप्पा" एवढंही तिला धड म्हणता येईना. मी तिला उचलून मांडवाबाहेर पळालो, तर बाहेर काजळीच काजळी. दवाखाना मोहोळला. मी जीपसाठी ओरडलो.

मागून अण्णा आले. हार गळ्यात तसाच होता. बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी निळा पंप काढला.

तो त्यांचा स्वतःचा होता. दोन वर्षं ते आईपासूनही लपवून तो ओढत होते.

डॉक्टरांनी अडचणीच्या वेळेसाठी शिकवलं होतं तसं मी चहाच्या कागदी कपाला भोक पाडलं, पंप त्यात बसवला आणि कप मुक्ताच्या तोंडावर धरला. "वढ बाय, आत वढ. आनी एकदा," अण्णा म्हणत होते. त्यांचा स्वतःचाही श्वास लागला होता. जीपमधून मोहोळला जाताना ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "बॉयलरवाल्यालाच धूर बाधला म्हटल्यावर लोकं हसली असती की." दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफ दिली, तेव्हा कुठं मुक्ता सावरली. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

हंगाम लांबला तर गावात चार पैसे येतात, हे मला कळतं. त्याच पैशावर मी शिकलो. तरीही दरवर्षी तो लवकर संपावा म्हणून मी वाट बघत बसतो आणि त्याबद्दल मनातल्या मनात गावाची माफी मागतो. ज्या गावाचं भलं व्हावं आणि धूर मात्र थांबावा असं एकाच वेळी वाटतं, तेच आता माझं घर.

यंदा चिमणी थांबली त्याच दिवशी अण्णांचा फोन आला. "बंद झाली बग. आता पोरीला घिऊन ये."

मी विचारलं, "तुम्ही पंप घेताय ना?"

ते म्हणाले, "व्हय. आत्ताच घेतला. तुज्या आईसमोर घेतला."