सरदार बैलाचा लिलाव

हसायचं आसंल तर आधी चहा खाली ठेवा, मंग सांगतो. मागल्या बारीला हाच किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आलता!

मी पाटोद्याचा हेडी. म्हणजे बैलांचा व्यापारी. पंचवीस वर्षं झाली. आमच्या धंद्यात इश्वास ठेवला की माणूस बुडाला. बाजारात कुणी राम राम घातला तरी मी आधी इचार करतो, ह्यो कावून राम राम घालतोय? भाव तर आमी तोंडानं बोलतच न्हाई. रुमालाखाली हात, बोटं दाबायची, सौदा झाला! शेजारच्याला पत्ता लागत न्हाई. बायकोलाबी मी आजवर खरा भाव सांगितलेला न्हाई. ती बी आता तशीच झाली, भाजी कितीला आणली ते सांगत न्हाई.

तर आमची पोरगी रोहिणी पुण्याला असती, मोबाईलचे गेम बनवती. दिवाळीला आली अन् म्हणली, "अण्णा, मी अन् निनाद मिळून शंकरपटाचा, म्हंजी बैलांच्या शर्यतीचा गेम करतोय. लोकांकडून पैसे गोळा करून."

"दाव की मंग."

"अजून अर्धाच झालाय."

"अन् पैसे?"

"ते आधी घेतो. बदल्यात गेममधला बैल देतो. मोजकेच बैल हायत. सरदार नावाचा तर एकच, त्याचा लिलाव हाय."

आता तुमीच सांगा! गोठा न्हाई, दावण न्हाई, गाय गाभण न्हाई, अन् बैल इकायला काढला! मी लई लबाड बघितले हो. पण आंधळा बैल इकणाराबी निदान बैल तर उभा करतो!

"ह्यो निनाद कोण? कुणाचा? गाव कंचं?"

"अण्णा, पार्टनर हाय माझा. अन् रविवारी पाच वाजेपर्यंत ठरलेली रक्कम भरली न्हाई ना, तर समद्यांचे पैसे वापस. दोन वर्षांचं काम पाण्यात."

माझ्या डोक्यात किडा वळवळला. रक्कम भरणार, निनाद पसार होणार, अन् लोक माझ्या पोरीला चोर म्हणणार. झोप उडाली माझी, खोटं कशाला बोलू?

पोरगी पुण्याला परतली, अन् रविवारी सकाळीच मी सलीमभाईच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. म्हणलं, "लिलावात माझं खातं काढून द्या. खरं नाव टाकू नका. अन् कुणाला बोलायचं न्हाई, तुमाला माझी कसम!" सलीमभाईनं माझ्याकडं लई येगळंच बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. नाव टाकलं, 'वाघोबा'.

चार वाजता घरी ओट्यावर, पोरीनं बसवून दिलेल्या वायफायवर मोबाईल जोडून बसलो. लिलावात एकच गिऱ्हाईक, 'शेरदिल'. मी बोली लावली की त्याची लगेच वरची बोली. लगेच! इचार न्हाई, इसावा न्हाई. मनात म्हणलं, सापडला! बाजारात मालक असंच आपलं खोटं गिऱ्हाईक उभं करतो, भाव चढवायला. ह्यो शेरदिल म्हणजे निनादच. आता ह्याला असा वर चढवतो अन् ऐन टायमाला हात काढून घेतो. बैल बसंल ह्याच्याच गळ्यात!

मी चढवलं. त्यानं चढवलं. पुन्हा मी. हात काढायचं सोडाच, मला तर चेवच चढला. पाच वाजले अन् शेरदिल गप! सरदार माझा! खऱ्या खिलार बैलाचा भाव, अन् बैल कुठं? हवेत!

तेवढ्यात सैपाकघरातून बायको तरातरा बाहेर आली. हातात मोबाईल.

"त्या वाघोबाचं तळपट होवो! माझ्या हातचा बैल नेला मेल्यानं!"

मी तिच्या मोबाईलात डोकावलो.

"तू... शेरदिल?"

"आवो, लिलावाला कुणीच न्हाई आलं तर पोरीची शोभा होईल, म्हणून बसले. तर ह्यो वाघोबा आला मधी. मला वाटलं, त्या निनादचाच माणूस, फुकटात बैल लाटायला आलाय. म्हणलं, सोडायचा न्हाई!"

मी सलीमभाईला फोन लावला. "अरे, सांगायचं तर होतं!"

"अण्णा, भाभीनं काल कसम घातली, तुमी आज घातली. मैं क्या करता?"

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! दोघं भांडत होतो तर रोहिणीचा फोन. रडकुंडीला आलती.

"अण्णा, लिलाव रद्द झाला. दोन्ही बोल्या एकाच वायफायवरच्या निघाल्या. आपल्या घरच्या! लोक म्हणतायत, मालकिणीनंच खोटी गिऱ्हाईकं बसवली, आमचे पैसे वापस द्या. अन् निनाद विचारतोय, 'रोहिणी, तुझ्या घरचे भरवशाचे आहेत ना?' काय सांगू त्याला?"

ज्या निनादला चोर समजून बसलो, त्यानंच मला चोर धरलं. अन् पोरीचं नाव वाचवायला निघालो, तर मीच घालवलं. लाज वाटली हो, लई लाज वाटली.

शेवटी पोरीनं जे हाय ते सरळ लिहून टाकलं. 'एक माझी आई होती, एक माझे वडील. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.' वाचून लोक खदाखदा हसले. कुणी पैसे वापस न्हाई मागितले, उलट नवे आले. ज्या साइटवर पैसे गोळा होत होते, त्या साइटवाल्यांनी आठ दिवसांची मुदत वाढवून दिली अन् रक्कम भरली. गेम वाचला.

सरदारचा लिलाव पुन्हा ठेवला. तवा निनादचा सोताहून फोन आला. "काका, खोटं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, ते तुमच्याइतकं कुणाला कळतंय? या वेळी नियम तुम्हीच सांगा."

छाती फुगली माझी! तासभर सांगत होतो, त्यो लिहून घेत होता. दुसऱ्या दिवशी नियम छापून आले. चष्मा लावून मी समद्या बाजाराला मोठ्यानं वाचून दावायला उभा राहिलो.

पहिलाच नियम होता, 'पाटोदा गावातून एकही बोली स्वीकारली जाणार नाही.'