समीक्षकाचा सल्ला

एकवीस वर्षांपूर्वी एका समीक्षकाने पेपरात लिहिलं, 'या रॉक बँडच्या ड्रमरने गॅरेजात जाऊन पत्रे ठोकावेत.' ते ड्रमरच्या इतकं जिव्हारी लागलं, की पुढे बँड मोडल्यावर हा पठ्ठ्या खरोखरच गॅरेजात गेला आणि पत्रे ठोकायला लागला. गंमत म्हणजे, चेपलेला दरवाजा सरळ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. त्याचा भरवसा कानांवर. दोन हलक्या टपल्या, एक ठोका, मग थांबून ऐकायचं. पत्रा बद्द वाजला तर पोचा अजून आहे. खणखणीत बोलला की निघाला.

यंदा गायकाची जुनी हौस उफाळून आली. गायक म्हणजे आता शाळेत गणित शिकवणारे मास्तर. टकलं आणि पोटं घेऊन चौघे पुन्हा जमले, नवा अल्बम करायला बसले. पण ड्रमरची गॅरेजातली सवय जाते कुठे? टपल्या, ठोका आणि थांबणं.

गिटारवाला वैतागला. "अरे, मध्येच थांबतोस काय?"

"ऐकतोय."

"राहू दे रे," मास्तर म्हणाले, "तेवढाच मला दम खाता येतो."

अल्बम बाहेर पडला आणि कळलं, परीक्षण लिहिणार तोच समीक्षक! ड्रमरने बायकोला सांगून टाकलं, "या वेळी पुन्हा तसंच लिहिलं, तर ड्रम देऊन टाकीन. परत हात लावणार नाही." तिचं तोंड उतरलं. बोलला की करतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत?

शनिवारी सकाळी मायलेकी पेपर घेऊन गॅरेजात आल्या. त्यांना पाहताच ड्रमर एका गाडीखाली शिरला. तिथे दुरुस्त करण्यासारखं काहीही नव्हतं.

"बाबा, वाचू?"

"वाच. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

लेक वाचू लागली, "'म्हातारे झाले, पण धार गेली नाही. आणि ड्रमर! पूर्वी हा नुसता बडवायचा. आता थांबून ऐकतो. सगळा अल्बम त्या थांबण्यावर उभा आहे. इतकी वर्षं हा माणूस ही विद्या शिकत तरी कुठे होता?'"

गाडीखाली धाडकन डोकं आपटलं. ड्रमर सरपटत बाहेर आला, कपाळाला ग्रीस, डोळ्यांत पाणी, आणि हसू काही केल्या आवरेना. आयुष्यात इतका आनंद त्याला झाला नव्हता.

"अगं, कळव त्याला," तो लेकीला म्हणाला, "म्हणावं, तुम्हीच तर पाठवलं होतं!"