एक मिनिटानं विसर्जन

आत्याबाईंचं गाणं परत मिळेपर्यंत गुळाचा खडाही तोंडात घालणार नाही, असं मी एकदा देवीपुढे बोलले होते. ते का, हे सांगायला बसावं तर मागे चार किस्से रांग लावून उभे! कोरेगावच्या आमच्या महिला मंडळात जुना कॉम्प्युटर आला, तेव्हापासून हे असंच आहे.

*

पहिला फजितीचा, आणि तो माझाच. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांच्या बहीण. हळदीची जुनी गाणी आता फक्त त्यांनाच येतात, म्हणून आम्ही रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिलं गाणं संपलं, टाळ्या झाल्या आणि पंखा बंद करावा तसं मी भिंतीवरचं बटण बंद केलं. सेव्ह न करताच!

"आत्याबाई, पुन्हा म्हणा ना."

"आता कुठलं गं? आलं तवा आलं. गेलं!"

त्याच संध्याकाळी मी गोड सोडलं.

*

मग माझे दीर धावून आले. फौजेतून रिटायर झालेले. "वयनी, ह्यात विंडोज काढून लिनक्स टाकलंय. जुन्या मशीनला लय हलकं. पर बंद शिस्तीत करायचं. आधी सेव्ह, मग समद्या खिडक्या बंद, मग शटडाऊन. परेड सुटताना काय म्हंत्यात? विसर्जन!"

मंडळातली आमची सुनंदा गप्प बसते होय? "आवं भाऊजी, मग पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचं का?"

"उद्या अकराला या म्हणा!"

तेव्हापासून मंडळात 'बंद कर' कुणी म्हणत नाही. विसर्जनच.

*

कमांड लिहून विसर्जन करायचं, तर हा लिनक्स आधी पासवर्ड मागतो. सुनंदा टाइप करतेय, पण पडद्यावर एक ठिपका उमटेना. "कीबोर्ड मेला बया!"

मी म्हटलं, "अगं, मनातलं नामस्मरण कुणाला दिसतं का? तू चालू ठेव."

एंटर दाबलं, झालं! भाऊजी म्हणाले, "एवढं समजायला मला फौजेत हप्ता लागला."

*

सांगलीहून एक मॅडम मंडळ बघायला आल्या. निघताना घाईनं कॉम्प्युटरची वायर ओढायला वाकल्या, तर आत्याबाईंची काठी आडवी! "बाई, दिवा गेल्याबिगर हात लावायचा न्हाई. जेवत्या माणसाला ताटावरनं उठवता व्हय?"

मॅडम दिवा जाईपर्यंत बसल्या. आत्याबाईंना अक्षरओळख नाही, पण तो दिवा बरोबर ओळखतात!

*

आणि यंदाचं हळदीकुंकू. माझी तिळाची वडी मी नेहमीसारखी सुनंदाच्या हातावर ठेवली. बायका निघायला लागल्या. भाऊजी लोणंदला गेलेले. मी कमांड दिली. आमचा लिनक्स तडकाफडकी जात नाही, एक मिनिट देतो. त्या मिनिटात मी सवयीनं विचारलं, "आत्याबाई, काही राहिलं का?"

त्यांचा एक पाय चपलेत होता. "राहिलं की गं! ते गाणं... आलं, आलं! थांबीव त्याला!"

मी थांबवायची कमांड टाइप केली. शटडाऊन, डॅश, सी. एंटर. थांबला! रेकॉर्डिंग लावलं. आत्याबाई तशाच, एक पाय चपलेत, एक फरशीवर, उभ्यानं गायल्या. शेवटच्या कडव्यापर्यंत. मी सेव्ह केलं. पुन्हा उघडून ऐकलं. मग पेनड्राइव्हवरही घेतलं.

सुनंदानं न खाता ठेवलेली ती वडी आत्याबाईंनी माझ्या तोंडात कोंबली. "हां, आता कर विसर्जन. आन् बायांनो, तुमीबी बंद करायच्या आदी मिनिटभर थांबून इचारत जावा... काय राहिलंय का?"