माझ्या मोहाखालचा पाला

हे मी कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. आता तुमच्यापाशी बोलते — का, ते विचारू नका. थकले, एवढंच.

स्वराज्याच्या आधीची, इंग्रजाच्या अमलातली गोष्ट. आमचं गाव खापर गावाच्या वरच्या अंगाला, रानाला लागून. चैत्रात मोहाची फुलं गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून आम्ही झाडाखालचा पाला पेटवून देत असू. त्यात रानकोंबड्यांची अंडी जळत, सशाची पिल्लं जळत. एका वर्षी गोमाकाकाने — गावातला एकटा म्हातारा, मागेपुढे कोणी नाही — सगळ्यांना वाघदेवापुढे शपथ घ्यायला लावली. पाला पेटवायचा नाही, झाडायचा. घरटी एक माणूस, रोज. शपथ मीही घेतली होती बरं.

चार दिवस झाडला. कंबर मोडली — पण कोणाची नव्हती मोडली? पाचव्या दिवशी दुपारी करवंटीत चुलीतला निखारा नेला अन् माझ्या मोहाखाली टाकला. एवढ्याशाने काय होतंय, म्हटलं. वारा सुटला. अख्खा उतार पेटला.

गाव हिरव्या डहाळ्या घेऊन धावलं. मीही आग झोडपली — सगळ्यांत जोरात तर मीच ओरडत होते. विझल्यावर गोमाकाका एका झुडपापाशी बसून राहिला. रानकोंबडी अंड्यांवरून उठलीच नव्हती.

कोणी पाला पेटवू नये म्हणून राखणीला तोच होता त्या दुपारी, उताराच्या पलीकडे. बिडी ओढता ओढता डोळा लागला होता त्याचा. माझ्याकडे बघून म्हणाला, "मन्हीच बिडी व्हई का वं, माय?"

काय अवघड होतं खरं सांगायला? मी म्हटलं, "व्हई, काका."

लाज वाटली नाही तेव्हा. सुटले, असं वाटलं. लाज मागून आली, ती अजून गेली नाही.

त्याने बिडी सोडली. कुंपणानेच शेत खाल्लं, असं लोक तोंडावर म्हणत, तो मान खाली घाली. माझा मोह एका अंगाने होरपळला होता. "तुन्हं झाड मन्हामुये जयनं," म्हणाला, जळल्याचा दोष स्वतःवर घेतला, अन् पुढच्या चैत्रापासून रोज उजाडायच्या आत येऊन माझ्या झाडाखालचा पाला झाडून द्यायला लागला. वाकून, धापा टाकत. मरेपर्यंत — सहा-सात वर्षं.

मी मागून टोपली घेऊन जायची. जमीन लख्ख असायची. मी फुलं वेचायची.