उशाखालची चुंबळ

माझ्या नाकावर राग पहिल्यापासूनचा, आणि हुशारीची घमेंड त्याहून जास्त. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी सोलापुरात डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझ्या एका वहीनं मुलींच्या होस्टेलात धुमाकूळ घातला होता. 'घाईची वही' म्हणायच्या तिला. अपघात, सर्पदंश, भाजणं, विषबाधा, जे जे धापा टाकत दारात येतं आणि विचाराला वेळ देत नाही, ते सगळं तिच्यात होतं. प्रत्येकाला लक्षात राहील अशी एक खूण मी शोधून काढली होती. पिकावर मारायच्या औषधाची विषबाधा झाली, की 'सगळे नळ सुटले': डोळ्यांना पाणी, नाकाला पाणी, तोंडाला फेस, घाम, लघवी, आणि डोळ्यांच्या बाहुल्या मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या. दुष्काळात घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या पोरी आम्ही, सुटलेला नळ कशाला विसरतोय! परीक्षा जवळ आली की वही अशी फिरायची, की माझ्यावरच ती मागून आणायची वेळ यायची.

कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना मात्र तिचं काडीचं कौतुक नव्हतं. चाळिशीच्या बाई, विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू बोलायच्या, वॉर्डात मराठी, आणि आम्हा विद्यार्थ्यांशी तिरकस. मी वही उघडली की म्हणायच्या, "वाचा की डॉक्टरबाई, पेशंट थांबतोय तवर." असा संताप यायचा मला! त्यांची स्वतःची वही नव्हती. वीतभर चिकटपट्टी त्या खाटेच्या दांडीला लावायच्या आणि दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनची वेळ पेनानं तिच्यावर लिहायच्या. कागद हरवतो, खाट हरवत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते अगदीच अडाणी वाटायचं.

एका सकाळी दहाच्या सुमाराला जीपमधून एक विशीतली बाई आणली. बरोबर सासू होती. सुनेला बसलेल्या जागी नळ सुटलेले, बाहुल्या टाचणीएवढ्या. मला वही उघडावीही लागली नाही. "मिरचीवर मारायचं औषद घिऊन रानात चालली हुती," सासू सांगत होती. "डोक्यावर डबा. डबा गळत हुता, कळलंच न्हाय की वो. घरी दोन वर्सांचं लेकरू हाय, बाई, कायबी करा." डोक्यावर डबा, हे मी ऐकलं आणि सोडून दिलं.

डॉक्टरांनी अॅट्रोपीन सुरू केलं. हे औषध सुटलेले नळ बंद करतं. शेजारच्या खोलीत ट्रकखाली सापडलेला माणूस आला होता, तिकडे डॉक्टर आणि सिस्टर दोघंही धावले. जाता जाता डॉक्टर मला म्हणाले, "दर दहा मिनिटांनी बघत राहा, ओली झाली की परत द्या." सिस्टरनी जाण्याआधी खाटेला पट्टी लावून दिली होती. वहीतल्याप्रमाणे मी बाईचे भिजलेले कपडे उतरवले, साबणानं अंग धुतलं, कोरडं लुगडं गुंडाळलं. इंजेक्शनं पडत गेली तसं तोंड कोरडं पडलं, बाहुल्या मोठ्या झाल्या. मी सासूला ऐटीत सांगितलं, "वाचली हो तुमची सून!"

अर्ध्या तासात पुन्हा फेस. मी पुन्हा इंजेक्शन दिलं, ती कोरडी झाली, आणि थोड्या वेळानं पुन्हा ओली. तिसऱ्या वेळी तिच्या छातीत घरघर ऐकली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वहीची पानं मी पुढून मागे, मागून पुढे उलटली. नळ सुटतात हे होतं, बंद कसे करायचे हे होतं. बंद केलेले पुन्हा पुन्हा का सुटतात, हे कुठंच नव्हतं. बाई माझ्या हातातून चालली होती.

मी सिस्टरना हाक मारली. त्या आल्या, आधी पट्टीवरच्या वेळा वाचल्या. "आपण काढतोय तेवढंच परत चढतंय. कुटनं तरी अजून आत जातंय," त्या म्हणाल्या. मी वहीत बोट घालून काहीतरी बोलायला लागले तर म्हणाल्या, "वही नंतर. आधी हुंगा." आणि खरंच वाकून त्या बाईला पायांपासून हुंगत वर आल्या. डोक्याशी थांबल्या. मानेखाली हात घालून त्यांनी कापडाची एक चुंबळ ओढून काढली. ज्या चुंबळीवर गळका डबा होता तीच, औषधानं चिंब. लोखंडी खाट टोचते म्हणून सासूनं ती सुनेच्या उशाशी दिली होती. आणि वर तेल लावलेला घट्ट अंबाडा, तोही तसाच भिजलेला. मी अंग धुतलं होतं ते मानेपासून खाली. आमच्याकडे बायकांची रोजची आंघोळ अंगावरून, डोक्यावरून न्हायचं ते ठरल्या वारी. इतकी शिकूनही माझा हात मानेशी आपोआप थांबला होता.

पण तेव्हा मला एवढं कुठलं सुचायला! मी सासूकडे वळले आणि ओरडले, "ही इथं कुणी ठेवली? काही अक्कल..." सिस्टरनी माझं मनगट असं आवळलं की शब्द तोंडातच राहिला. "साबण आणा," त्या म्हणाल्या. अंबाडा सोडून आम्ही दोघींनी ते केस तीनदा धुतले. माझ्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. दुपारी दोननंतर बाई कोरडी झाली ती कोरडीच राहिली, आणि चारला तिनं डोळे उघडून लेकराचं विचारलं. पुढे वहीत मी लाल शाईनं लिहिलं: 'आधी हुंगा, डोकं धुवा, उशाखाली बघा.' मुलींनी ते हसत हसत उतरवून घेतलं.

त्या दिवशी केस धुऊन आम्ही वळलो तेव्हा सासू भिंतीला टेकून बसली होती, नजर कोपऱ्यात टाकलेल्या चुंबळीवर. "बाई," ती हळूच म्हणाली, "माज्यामुळं का झालं हे?"

सिस्टर तिच्यासमोर खाली फरशीवर बसल्या. "न्हाय मावशी. अंगावरचं औषध धुवायचं काम आमचं. आमी डोकं धुतलं न्हाय, उशाखाली बघितलं न्हाय. आमचं चुकलं."

दवाखान्यात कुणी पेशंटच्या माणसासमोर असं म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. आधी अंग धुताना सिस्टर त्या खोलीत नव्हत्याच. तिथं मी एकटी होते, आणि 'आमी' म्हणून त्यांनी मला स्वतःच्या पदराआड घेतलं होतं. माझ्याच्यानं राहवलं नाही. "मी धुतलं होतं, आजी," मी म्हणाले. "माझं चुकलं."

म्हातारी उठून माझ्याजवळ आली. मग माझ्या ओल्या बाहीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे, लेकी. तू काय मुद्दाम केलंस व्हय?"