दोन घरं मागे

लढाईचा तो पुठ्ठ्याचा खेळ माझ्या धाकट्या भावानं शिरवळहून आण्णांसाठी पाठवला. आण्णा म्हणजे आमचे वडील, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. भाऊ भरती झाला तेव्हा चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता, गुलाल उधळला होता. ट्रेनिंग त्याला झेपलं नाही. अर्ध्यातून परत आला, तेव्हा फ्लेक्स अजून उतरवलाही नव्हता. तेव्हापासून आण्णा त्याच्याशी बोलत नाहीत आणि तो साताऱ्याच्या घरी येत नाही. शिरवळच्या एका कंपनीत कामाला आहे, खोली घेऊन राहतो. खेळ मात्र आण्णांनी ठेवून घेतला. पोराचा खेळ चालतो, पोरगा चालत नाही. याचा मला भयंकर संताप येतो.

रविवारी चहा झाला की आम्ही दोघं पट मांडतो. षटकोनी घरं आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्या, एक सोंगटी म्हणजे एक तुकडी. इंग्रजी नियमपुस्तक आण्णा चष्मा लावून, वरून हुकूम आल्यासारखं वाचतात. त्यात म्हटलंय की हरलेल्या तुकडीनं शत्रूपासून लांब, दोन घरं मागे जावं. जाता येत नसेल तर तिला पटावरून उचलावं.

एका रविवारी माझी तुकडी हरली. तिन्ही बाजूंना आण्णांच्या सोंगट्या, मागच्या घरात माझीच दुसरी तुकडी आणि तिच्यामागचं घर मोकळं. मी सोंगटी उचलली आणि त्या मोकळ्या घरात ठेवली.

"काढ ती," आण्णा म्हणाले. "वाट न्हाई."

"आवं आण्णा, मधी आपलीच माणसं हायती की. जाऊ देतील."

"आपली असली म्हणून काय झालं? ती मोर्चा धरून बसल्यात. ही त्यांच्यातनं मागं पळाली, तर तीबी पळत्याल."

"पुस्तकात तसं कुठं लिहिलंय?"

"'जाऊ द्या' असं तरी कुठं लिहिलंय?"

खरंच, दोन्ही लिहिलेलं नव्हतं. नियम लिहिणाऱ्याला एक ओळ जास्त लिहायला काय झालं होतं कुणास ठाऊक. आणि जिथं काहीच लिहिलेलं नाही, तिथं आण्णांना दार बंदच दिसावं? माझं डोकं फिरलं.

"हरून आलेल्याला आपलीच माणसं आडवी आली, तर त्यानं जायाचं कुठं?" मी विचारलं.

मी कुणाबद्दल बोलतेय ते त्यांना कळलं. त्यांनी माझी सोंगटी उचलून डब्यात टाकली.

पुढच्या डावात मी दात-ओठ खाऊन त्यांची रणगाड्यांची तुकडी तशीच कोंडीत पकडली. मागे त्यांचीच माणसं. आता हे नियम फिरवतील आणि मी त्यांना धरीन, याची मी वाटच बघत होते. आण्णांनी आपल्याच हातानं ती सोंगटी उचलली आणि डब्यात टाकली. डाव हरले. मग पिशवी घेऊन भाजी आणायला गेले.

लबाडी केली असती तर चार शब्द सुनावता आले असते. स्वतःलाही सूट न देणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मी भावाला फोन लावला.

"कोण जिंकलं?" त्यानं विचारलं.

"मी. तू येत्या रविवारी घरी ये."

"आक्का, आण्णा दारातच बसल्यालं असत्यात."

"बसू देत. या घरात मीबी राहती. मी वाट देती."